काटा हलतो असं लिही

४ फेब्रुवारी

शहाण्या,

फोन कट करतोस, आता कागद कसा कट करतोस ते बघते.

बाबांना झटका येऊन आज चोवीस दिवस झाले. तुझ्या घरमालकिणीकडे दोनदा निरोप ठेवला होता. तिने दिला नसेल असं मी धरून चालते, कारण दिला असेल आणि तरी तू गप्प बसला असशील तर मला पुढे काही लिहिताच येणार नाही. उजवं अंग गेलंय. हात लोळागोळा, पाय ओढत चार पावलं टाकतात, तेही माझ्या खांद्यावर सगळा भार देऊन. जेवण डाव्या हाताने, अर्धं तोंडात आणि अर्धं सदऱ्यावर.

आणि वाचा गेली. म्हणजे सगळी गेली असती तर एक वेळ परवडलं असतं. एक शब्द राहिलाय. काटा.

पाणी हवं का? काटा. उशी उंच करू? काटा. डॉक्टर निघाले की डावा हात हलवून, अगदी सभ्यपणे, काटा. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, त्या म्हणाल्या असं होतं. कुणाला देवाचं नाव राहतं, कुणाला शिवी. त्यांच्या एका पेशंटला दोन वर्षं नुसतं 'परवा' राहिलं होतं. घरातले बिचारे रोज परवाची वाट बघायचे. मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुला वाटेल ताईला डोकं नाही. अरे, मी काय काय केलं! भिंतीवरचं घड्याळ काढून पुढ्यात धरलं, त्यांनी ढकलून दिलं, काच फुटली. वजनकाटा आणला. त्यावर उभं केलं तर अकरा किलोंनी उतरलेत, ते बघून मलाच चक्कर आली. काटा-चमचा दिला, तो त्यांनी नीट निरखला आणि माझ्या शिलाई मशीनवरच्या टाचणीच्या उशीत खुपसून ठेवला. पायात काटा रुतलाय की काय म्हणून भिंग घेऊन दोन्ही तळवे तपासले. शेवटी वाटलं थंडीने अंगावर काटा येत असेल, म्हणून दोन रजया घातल्या. घामाने निथळले बिचारे, आणि रजईच्या आतून ओरडतायत, काटा, काटा!

मग परवा आपल्या गॅरेजमधला स्टेपनी आला. हो, अजून येतो. बावन्न वर्षांचा झाला, पोट सुटलंय, अजून फक्त टायर आणि पंक्चर एवढंच येतं, आणि अजून नेमका नडीला हजर होतो. दोन मिनिटं बाबांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, एवढं कसं कळत नाही? गेजचा काटा."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

सात वर्षं झाली ना त्या भांडणाला? बाबांनी स्वतःच्या गाडीचं इंजिन स्वतःच्या हाताने नवंकोरं बांधलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांना बॉनेट उघडून दाखवायचे, नातवंड दाखवावं तसं. आणि तू ते इंजिनची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज घेऊन आलास. चार माणसं उभी असताना नळी जोडलीस आणि म्हणालास, "काटा हलतोय. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व नीट बसत नाही." बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून दांडा कानाला लावला आणि म्हणाले, "बसतो." तू म्हणालास हलतो, ते म्हणाले बसतो. किती वेळ चाललं होतं तुमचं! शेवटी ते म्हणाले, "काट्यावर गॅरेज चालवायचं असेल तर दुसरीकडे चालव." गेज पिशवीत घालून तू निघालास. मी दारात गळ्यात टेप घालून उभी होते. मी काय म्हणाले आठवतं? "जा जा, चार दिवसांत येशील." मला आठवतं. रोज आठवतं.

ते आता रोज माझ्या आधाराने, भिंतीला धरधरून मागच्या शेडमध्ये जातात. गाडीच्या बॉनेटवर डावा हात ठेवतात आणि म्हणतात, काटा. मी विचारते, गेज हवंय का? तर डोळ्यांत पाणी येतं. एकच शब्द उरलाय माणसाकडे, आणि त्याने जे मागतायत ते मला देता येत नाही. ते गेज तुझ्याकडे आहे. घेऊन ये.

ताई

१९ फेब्रुवारी

शहाण्या,

पार्सल मिळालं.

खोका केवढा मोठा! मला वाटलं आत दोन ओळी तरी असतील. गेज, नळी, पितळेची तोटी, दोन क्लिपा, आणि एक कागद. कागदावर एक ते सात आकडे. एक, इंजिन गार असताना मॅनिफोल्डच्या मागचं पितळी बूच काढ. दोन, तिथे तोटी बसव, आटे घासू नकोस. तीन, नळी तोटीवर चढव, क्लिप आवळ. चार, गेज समोर दिसेल असं ठेव. पाच, इंजिन पूर्ण तापू दे. सहा, आयडलवर वाच. सात, सतरा ते एकवीसच्या मध्ये काटा स्थिर म्हणजे ठीक, ठरावीक वेळाने खाली झटका मारला तर व्हॉल्व.

'बाबा कसे आहेत' एवढं लिहायला तुझी शाई संपली होती का रे? आकृती मात्र काढलीयस. बाण दाखवलेयस. मॅनिफोल्डच्या बुचाची इतकी काळजी!

आता कबूल करते. मी बाबांना तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, आणि सात नंबर झाल्यावर माझ्या मनाने एक ओळ घातली. म्हटलं, "आणि लिहिलंय, बाबांना जपा." आवाजही तुझा काढला. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. अक्षरं त्यांना आता लागत नाहीत, पण आकडे लागतात. एकेका आकड्यावर डावं बोट ठेवत खाली गेले, सातावर आले, त्याच्या खालची कोरी जागा चाचपली. मग कागदाची नीट घडी करून मला परत दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काय वाटलं असेल ते लिहीत नाही.

गेज मांडीवर घेऊन बसलेत. तोटी तोंडात धरून ओढली, काटा वर चढला. सोडली, खाली आला. लहान मूल पिपाणी वाजवतं तसं दुपारभर चाललंय. डॉक्टर म्हणाले हा फुफ्फुसांना चांगला व्यायाम आहे. ते असंही म्हणाले की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, सांगता येत नाही. हे दुसरं मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुला भीती घालून आणलं असं तू म्हणू नयेस म्हणून. आता घालते भीती. ये.

ताई

२ मार्च

शहाण्या,

काल गेज बसवलं. म्हणजे बसवलं असं आम्हाला वाटलं.

तुझं ते पितळी बूच! स्टेपनीने पाना लावला, लोंबकळला, दोन पाय बंपरला लावून ओढलं, बूच ढिम्म. सात वर्षांचा गंज. मी म्हटलं तेल सोडून ठेवू. तो म्हणाला, "कशाला? ही बघा इथे आयतीच बारीक नळी आहे, कार्बोरेटरच्या कुशीत. नळी ती नळी, हवा ती हवा." मलाही पटलं. मी शिवणकाम करणारी बाई, मला काय कळतंय. ती बारीक नळी काढून गेजची तिथे खुपसली, क्लिप आवळली. क्लिप मीच आवळली, आणि छान आवळली, उगाच वाईट का म्हणू.

बाबांची खुर्ची मडगार्डला लावून ठेवली होती. सेल्फ मारला. तीन वेळा नुसतं कण्हलं, चौथ्यांदा गाडी चालू झाली. अरे, तो आवाज ऐकून बाबांचा चेहरा कसा झाला ते तू बघायला हवं होतंस! पंधरा मिनिटं तापू दिली. आणि काटा? शून्यावर. हलेना की डुलेना. स्टेपनी गेजवर टिचक्या मारतोय. मी म्हणतेय, मेलं वाटतं पोस्टात.

बाबांनी त्या नळीकडे बघितलं, मग स्टेपनीकडे, मग माझ्याकडे. आणि हसले. अर्धंच तोंड वर जातं, पण हसले, खांदे हलेपर्यंत! पन्नास दिवसांत पहिल्यांदा. डाव्या हाताने नळी उपटून फेकून दिली आणि बुचाकडे बोट दाखवलं. "काटा!" म्हणजे गाढवांनो, असा अर्थ होता, तो मला बरोबर कळला.

आता बुचाला तेल सोडून ठेवलंय. बाबा दर तासाने जाऊन त्यावर हातोडीने हलके टकटक करतात. तेवढ्याने सैल होतं म्हणे, स्टेपनी सांगत होता. तुला आठवत असेल ही त्यांची टकटक.

मला एक दिवस तरी बरं वाटलं, म्हणून लगेच लिहिलं.

ताई

५ मार्च

शहाण्या,

बूच निघालं. तोटी बसवली. इंजिन पूर्ण तापवलं. काटा हलतो. ठरावीक वेळाने खाली झटका मारतो, तू लिहिलंयस अगदी तसाच. तू तेव्हा बरोबर होतास. बाबांनी स्वतः बघितलं आणि त्यांना मान्य आहे.

आता तरी ये.

ताई

२१ मार्च

शहाण्या,

कार्ड मिळालं. 'मी तेव्हाच सांगितलं होतं. हेड उतरवून तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व घासून घ्या.'

संपलं? सोळा दिवस वाट बघून हे? बापाने हार मानली असं कळवलं तर तुझ्या मनात काय आलं, व्हॉल्व घासून घ्या? कुणी घासायचा? मी? पदर खोचून?

माझं डोकं फिरलंय, पण कुणावर काढू? बाबांवर ओरडता येत नाही. स्टेपनीवर ओरडले तर तो हसतो. तुझ्यावर ओरडायला तू इथे नाहीस.

कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं, या वेळी पदरचं एक अक्षर न घालता. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली, हो हो म्हणून. वर आणखी खूश झाले. 'हेड उतरवून' म्हटल्यावर खुर्चीतून उठायलाच लागले. भिंतीवरच्या पान्यांकडे बोट. मी म्हटलं, "बाबा, राहू दे. चालतेय ना गाडी? स्टेपनीला उघडता येईल, पण पुन्हा जोडता येणार नाही." खुर्चीच्या हातावर मूठ आपटत राहिले. काटा, काटा, काटा. इतके आपटले की हाताला सूज आली. चांगला उरलेला हात आहे तो.

मी हरले. स्टेपनीला सोमवारी बोलावलंय.

ताई

६ एप्रिल

बाळा,

आज शहाण्या म्हणवत नाही.

पाच मार्चच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आता खरं सांगते, सगळं सांगते, मग तुला माझा काय राग करायचाय तो कर.

त्या दिवशी इंजिन चांगलं वीस मिनिटं तापवलं होतं. गेज वायपरच्या पुढ्यात टेकवून ठेवलं होतं, तिघांनाही दिसेल असं. काटा एकोणीसवर गेला आणि तिथेच थांबला. हलला नाही. मी श्वास रोखून बघत होते, एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. भिंतीला ठोकल्यासारखा एकोणीसवर. स्टेपनीने शीळ घातली. मी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, "बाबा, जिंकलात हो! बसतो तुमचा व्हॉल्व!" इतकी मूर्ख मी. मला वाटलं, हेच बघायचं होतं त्यांना, एवढ्यासाठीच काटा काटा चाललं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. असा उतरला की माझ्या टाळ्या मधेच थांबल्या. काट्याकडे बघत बसले, त्याने काहीतरी वाईट बातमी दिल्यासारखे. मग डावा हात बॉनेटखाली घातला. तोटीवरची नळी अंगठ्याने जराशी उचलली, आणि सोडली. फुस्स झालं, इंजिन ठेचकाळलं आणि काट्याने खाली झटका मारला. मला वाटलं चुकून झालं. परत उचलली, सोडली. परत. बरोबर ठेक्यात, एक व्हॉल्व बसत नसेल तर जसा पडेल तसा. त्या माणसाला अजून इंजिनचा ठेका चुकत नाही रे.

मी म्हटलं, "बाबा, हे काय करताय?" ते एका हाताने नळी उचलतायत, सोडतायत, आणि काट्याकडे हनुवटी करून मला दाखवतायत. काटा. मग नळी सोडून माझ्या कानावरची पेन्सिल काढली, माझ्या हातात दिली आणि माझ्या तळहातावर बोटाने रेघोट्या ओढल्या. लिही.

मी म्हटलं, "खोटं लिहू? तुमचं इंजिन ठणठणीत आहे." त्यांनी परत रेघोट्या ओढल्या. "त्याला काय लिहू, तूच बरोबर होतास म्हणून?" त्यावर मान जी हलवायला लागले ती थांबवेनात. गाल ओले झाले होते. स्टेपनी तिकडे तोंड करून टायरला उगाच हवा भरत बसला. म्हणून मी ते चार ओळींचं पत्र लिहिलं. अक्षर माझं आहे, बोलणं त्यांचं आहे. सात वर्षं हेच बोलायचं राहिलं होतं त्यांचं, आणि बोलायला आता एवढीच सोय उरली होती.

आणि तू लिहिलंस, हेड उतरवा.

उतरवलं. दोन दिवस लागले. बाबा खुर्चीतून बोट दाखवायचे, कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर. मी प्रत्येक बोल्ट चिंधीत बांधून वर शिंप्याच्या खडूने आकडा घातला, पण मला माहीत आहे त्याने काही होणार नाही. आवळायचे किती, सेटिंग काय ठेवायचं, ते सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि तिथून बाहेर यायला वाट नाही. हेड काढताना गॅस्केटचे दोन तुकडे झाले. कसलाही दोष नसलेलं इंजिन आम्ही स्वतःच्या हाताने मोडलं, आणि बाबा शेजारी बसून समाधानाने बघत होते.

स्प्रिंग दाबून स्टेपनीने तिसऱ्याचा व्हॉल्व बाहेर काढला. बाबांनी सदऱ्याने पुसला, उजेडात फिरवून बघितला. मीही बघितला. कडेने सगळीकडून सारखा, एक डाग नाही. मला कळतंय तर तुला कळेलच.

हा व्हॉल्व त्यांनी माझ्या कापडाच्या तुकड्यांमधून एक मऊ तुकडा निवडून त्यात गुंडाळला. डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली. मग तुझ्या पार्सलचा खोका ओढून घेतला आणि त्यावरच्या तुझ्या पत्त्यावर बोट ठेवलं. त्यांचं बोलणं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही, असं हे पहिल्यांदाच झालं.

ते गेल्या आठवड्यात. मी पाठवायला उशीर केला, कारण मला वाटत होतं, अजून थोडं थांबू, कदाचित तू आपणहून येशील. बुधवारी सकाळी त्यांना दुसरा झटका आला. लहान आहे असं डॉक्टर म्हणाले. डावा हात आता पेलाही धरत नाही. घास मी भरवते. आणि बुधवारपासून ते काटा म्हणालेले नाहीत. मी घड्याळ दाखवलं, गेज दाखवलं, वेड्यासारखी स्वतःच काटा काटा म्हणत राहिले, की माझं ऐकून तरी म्हणतील. नुसते बघतात. आता मला कळतंय की तो एक शब्द होता तेव्हा आमचं किती बोलणं व्हायचं.

मला काही करता येत नाही रे. मी कपडे शिवते, तेवढंच मला येतं. इंजिन शेडमध्ये उघडं पडलंय, त्यावर मी चादर घातलीय. खिडकीतून ते दिसेल अशी त्यांची खाट सरकवलीय, कारण डोळे सारखे तिकडेच जातात. स्टेपनी रोज येतो, चादर उचलून बघतो, परत घालतो. ते जोडता येणारी जगात दोनच माणसं आहेत. त्यातला एक माझ्यासमोर पडून आहे.

तेव्हा ये, आणि आल्यावर त्यांना सांग की व्हॉल्व खराबच होता. तोंडावर सांग, मोठ्याने सांग, तिसऱ्याचा व्हॉल्व जळला होता बाबा, मी घासून आणलाय. तुला खोटं बोलायला जड जाईल, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण त्यांनी केलं ना?

व्हॉल्व सोबत आहे. गाठ त्यांची आहे, जपून सोड. हा पोस्टाने परत पाठवू नकोस.

ताई